प्रत्येक गोष्ट दुसऱ्याले इचारल्याशिवाय हात उठत नाही, ही सवय सुटते कशी?

धुऱ्यावरचा (१४ सप्टेंबर, दुपारी)

राम राम मंडळी. लय दिवसापासून लिहीन लिहीन म्हणतो पण जमलं नाही, आज पाऊस धरून हाय, वावरात पाय ठेवता येत नाही म्हणून बसलो लिहाले. थोडं लांबण होईन, सांभाळून घ्या.

वय २८, दारव्ह्याकडचा. ५ एकर कोरडवाहू, ३ एकरात पराटी (कपाशी) अन् तूर, २ एकर सोयाबीन. बाबा दोन वर्षाआधी गेले. ते होते तवर घरातला एकही निर्णय माह्यावर आला नाही, बैल इकायचा का ठेवायचा इथून तं माह्या चपलेच्या नंबरापर्यंत सगळं तेच पाहात. आता सातबारावर नाव माहं लागलं पण डोक्शात मालक काही येऊन बसला नाही. फवारणीचं कृषी केंद्रवाल्याले इचारतो, माल इकायचं काकाले, बँकेचा फॉर्म असला तं पुण्याच्या साळ्याले फोटो पाठवतो, अन् बाकी उरलं तं व्हॉट्सॲपवर गावचा ग्रुप हायेच.

यंदाचीच गोष्ट. जूनमधी एक पाऊस झाला, बरा वाटला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाच्या वावरात सरकी टोबाले बाया लागल्या. ते पाहून माह्या पोटात जो गोळा उठला, म्हटलं आपण मागं राह्यलो, तशीच बॅग फोडली. मंग १५ दिवस थेंब नाही. निंघालेलं रोपटं करपलं, दुबार पेरणी. काकाचंही गेलं, पण काकाजवळ विहीर हाय, त्यानं अर्धं वाचवलं. पावसाचा राग नाही मले. राग याचा येते की मी त्या दिवशी माह्याच वावरात उभा होतो, पायात चप्पल, अन् खाली वाकून चार बोटं माती उकरून पाह्यली नाही का ओल कुठवर गेली. समोर काकाचं वावर पाहात होतो फक्त.

परवा बायकोनं इचारलं, घरावर टीन टाकायचे का कवेलू (कौलं) नीट करायचे. मी म्हटलं काकाले इचारतो. तर ते म्हणे, "काकाचं मत मले मालूम हाय, तुमचं काय हाय?" अन् मले खरंच सांगता आलं नाही. म्हणजे मतच नव्हतं. हे लय लागलं.

मोबाईलवरचे ते पहाटे ५ ले उठा, थंड पाण्यानं आंघोळ करा वाले व्हिडिओ पाह्यले, चार दिवस केलंही. पाचव्या दिवशी फवारणी करून आलो होतो, उठलोच नाही, मंग सुटलं ते सुटलंच. तं मले असं इचारायचं होतं की सोताच्या पायावर उभं राहाची काही सवय लावता येते का रोजच्या रोज, का ते जन्मापासूनच राह्यते एखाद्यात? (आता हेही मी इचारूनच राह्यलो म्हणा.)

खडू_फळा (१४ सप्टेंबर, संध्याकाळ)

भाऊ, तुझं शेवटचं कंसातलं वाक्य वाचून हसू आलं, पण ज्याला स्वतःवर असं हसता येतं त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

मी वर्धा जिल्ह्यातला, निवृत्त मास्तर. ३३ वर्षं पोरांना स्वावलंबनावर निबंध लिहायला लावला, आणि स्वतःचं काय ते ऐक. सहा वर्षांपूर्वी आमची ही गेली. तेराव्यानंतर पाहुणे निघून गेले, मी सकाळी स्वयंपाकघरात चहा करायला उभा राहिलो तर साखरेचा डबा कोणता ते मला माहीत नाही. एकसारखे सात स्टीलचे डबे, एकावरही नाव नाही, तिला गरजच नव्हती नावाची. मी एकेक उघडत गेलो, डाळ, हळद, मीठ, पुन्हा डाळ. पाचव्यात साखर निघाली तेव्हा मी खाली बसून रडलो, चहा राहूनच गेला त्या दिवशी. माझं वय तेव्हा ६१, पेन्शन चालू, गावात मान, आणि मी माझ्याच घरात पाहुणा.

आम्ही दरवर्षी मुलांची सहल सेवाग्रामला न्यायचो. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले तेव्हा गाव सेगाव होतं, १९४० मध्ये सेवाग्राम झालं. बापूकुटी माती-बांबूची, ती मुलांना दाखवायचो, आणि एकादश व्रतात शरीरश्रम हे एक व्रत आहे, आश्रमात झाडलोट, दळण, संडास सफाई सगळी आपापल्या हातानं चालायची असं तोंडपाठ सांगायचो. घरी आल्यावर मात्र ताट वाढून समोर. या विसंगतीकडं माझं लक्ष कधी गेलंच नाही, कारण दिवस संपताना आज आपण काय केलं हे मागं वळून पाहायची सवयच नव्हती.

म्हणून सांगतो, पहाटे पाचचं नंतर बघ. एक साधी वही घे, शंभर पानी. रात्री झोपताना एवढंच लिही, आज काय काय ठरलं आणि ते कोणाच्या सांगण्यावरून ठरलं. सल्ले, सुविचार काही लिहू नको त्यात. शेवटी थोडी जागा सोड, पुढं त्याचं काय झालं ते आठ-पंधरा दिवसांनी भरायला. आणि दुसरं, कोणालाही विचारायला जायच्या आधी स्वतःचं उत्तर वहीत लिहून ठेव. चुकीचं असेना का. मग खुशाल जा काकाकडं. आल्यावर दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून बघ. तुला वाटतं तितका तू कच्चा नसशील.

भाकरी मला आजही नीट थापता येत नाही, कडा फाटतात. पण माझी मी करतो.

पराटी_अन्_पंचाईत (१४ सप्टेंबर, रात्री)

मास्तर, डब्याचं वाचून जीव हालला बावा. मी लगेच उठून आमच्या घरातले डबे पाह्यले, बायको म्हणे काय शोधता, म्हटलं काही नाही, अभ्यास करून राह्यलो.

धुऱ्यावरच्या भाऊ, वही ठीक हाय पण मले तं पेन हातात घेतला का जांभया येते. मी तुले वावरातलं सांगतो. मीही तुह्यासारखाच, कृषी केंद्रात जायचो अन् म्हणायचो "दादा, पराटीवर काही पडलं हाय, द्या काही". काय पडलं हे मले मालूम नाही अन् त्यानं पाह्यलं नाही. तो तीन बाटल्या देये, सगळ्या एकाच पंपात मिसळा म्हणे. मी मिसळो. २०१७ ले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन २० च्या वर कास्तकार-मजूर गेले, आमच्या बाजूच्या गावचा एक सालदार दवाखान्यात आठ दिवस होता, त्याले डोळ्यानं धड दिसत नव्हतं. तवापासून मी घाबरलो अन् घाबरल्यामुळं शायना झालो असं समज.

आता मी काय करतो तं दर सोमवारी, सोमवारच कारण त्या दिवशी आमच्या इथं बाजार नाही, वावरात तिरपा चालत जातो अन् कुठल्याही २० झाडाची एकेक हिरवं बोंड तोडतो. लय कवळं नाही लय जून नाही, बोटानं दाबलं तं थोडं दबते असं. धुऱ्यावर बसून फोडतो. वरून बोंड एकदम चकाचक दिसते बरं, छिद्र दिसतच नाही, आत पाह्यलं तं सरकी पोखरेल अन् मधात अळी. बारीक असते तवा पांढरी राह्यते, मोठी झाली का गुलाबी. २० मधून दोनात निंघाली म्हणजे १० टक्के झालं, मंग फवाऱ्याचा इचार करायचा. एकातही नाही तं घरी जाऊन गपचूप झोपायचं. कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले असन तं सकाळी पतंग मोजायचे, एका सापळ्यात आठाच्या वर अन् तेही लागोपाठ तीन रात्री, तं समजायचं पाहुणे आले. नागपूरच्या कापूस संशोधनवाल्याईचं हेच म्हणणं हाय, मी काही शोध लावला नाही.

पहिल्यांदा जवा एकच अळी निंघाली अन् मी फवारलं नाही न, रातभर झोप नाही आली राजेहो. सगळं गाव फवारून राह्यलं, पंपाचा आवाज येऊन राह्यला चारीकडून, अन् मी एकटा खाटेवर. हा जो रातभरचा जागर हाय तोच शिकवते, बाकी काही नाही. आता बाटली घेताना पह्यले तो रंगाचा तिकोन पाहातो, लाल असला तं लय जहर, मंग पिवळा, निळा, हिरवा. अन् दुकानदार आता मलेच इचारते, "किती निंघाल्या बे?"

बचतगटवाली (१५ सप्टेंबर, सकाळ)

सगळ्याईचं वाचलं. धुऱ्यावरच्या भाऊ, तुमच्या बायकोनं बराबर इचारलं, त्यांले माह्याकडून चहा.

मी चंद्रपूर जिल्ह्यातली, गटाची सचिव होती सहा वर्षं. आमच्या गटात पहिल्या दिवशी १२ बाया होत्या अन् पैसे काढायची स्लिप भरता येणारी एकही नाही. मी दहावी झालेली पण माह्या लग्नाले ११ वर्षं झाले तवर बँकेच्या आत गेलेली नव्हती, हे बाहेर गाडीवर बसून राह्यचे अन् मी घरी. पहिल्यांदा गेली तं काउंटरवरचा म्हणे "घरून कोणाले घेऊन या". मी बाकावर बसली अन् मागची चुकलेली स्लिप कचऱ्यातून उचलून पाहून पाहून नवीन भरली. तीन स्लिपा फाडल्या. चौथी चालली. हात असा थरथरत होता का सही दुसऱ्याच बाईची वाटे.

गटात एक चांगलं असते, तिथं कोणी प्रेरणा-बिरना देत नाही. पंचसूत्री असते, बैठक नियमित, बचत नियमित, गटातल्या गटात कर्ज, त्याची परतफेड अन् हिशोब लिहिणं. आठवड्याच्या बैठकीत मन असो नसो जावंच लागते, अन् हिशोब सगळ्याईसमोर वाचावा लागते. मास्तर म्हणतात ती वही हीच हाय, फक्त आमची मोठ्यानं वाचल्या जाते. आपण कुठं पैसे उडवले हे बारा बायांसमोर वाचाची सवय झाली न का खर्च करतानाच हात आखडते.

पण एक गोष्ट मनात हाय ती बोलून टाकते, राग मानू नका. माणसं जवा म्हणतात मले सोताच्या पायावर उभं राहायचं, तवा ते उभे कशावर असतात ते पाहात नाहीत. पाणी कोण भरलं, डबा कोण बांधला, फवारणीचे कपडे कोण धुतले. मी आमच्या यांले हेच सांगतलं का फवारणीचा सदरा-पँट तुमचे तुम्ही, घरच्या कपड्यात मिसळायचे नाही, वेगळ्या बादलीत, अन् तेही चुलीवर हात लावायच्या आधी. सुरुवात तिथून करा भाऊ. त्यात जहरही घरात येत नाही अन् तुमची सवयही लागते. अन् हो, टिनाचं का कवेलूचं हे बायकोसोबत बसून ठरवलं तं ते इचारणं नाही होत, ते घर दोघाईचं हाय.

तेंदूपत्ता (१५ सप्टेंबर, रात्री)

वरचं सगळं पटते, पण मी थोडं उलटं बोलणार.

कोणालेच न इचारणं म्हणजे मोठं काम, असं या पोराच्या डोक्यात बसू नये. आपला इलाका कोणता हाय ते इसरू नका. इथं लय लोकं सोताच्या पायावर उभे राहता राहता आतल्या आत संपले. माह्या सख्ख्या मावसभावानं तीन वर्षं कर्ज कोणाले सांगतलं नाही, घरच्याईले बी नाही, माणूस असा का कोणाजवळ हात पसरणार नाही, सगळे म्हणत केवढा खमका. आम्हाले कळलं तवा... जाऊ द्या. नशीब की तो हाय, दवाखान्यातून परत आला. आज तो सोताच म्हणते, मले इचाराची लाज वाटली, बाकी काही नाही. म्हणून धुऱ्यावरच्या भाऊ, तुले इचारता येते ही तुही कमाई हाय, ते नको टाकू. कधी मन लयच जड झालं तं १४४१६ हा सरकारचा टेली मानसचा नंबर हाय, फुकट हाय, रात-दिवस चालू राह्यते. गावात कोणाले सांगाची लाज वाटत असन तं तिथं सांगा. हे सगळ्याईसाठीच लिहितो.

आता मुद्द्याचं. मी गडचिरोलीतला. आमच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गाव हाय, नाव ऐकलं असन, "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" वालं. २००९ मधी त्याईले सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, भेटला. लोकाईले वाटते तिथले लोकं बाहेरच्या कोणालेच इचारत नाहीत. उलट हाय. तिथं अभ्यास गट चालतात, कायदा काय म्हणते, जंगलाचं काय, बाहेरून जाणकार येतात, बोलतात, लोकं पोटभर इचारून घेतात. पण ठरवाची येळ आली का ग्रामसभा बसते अन् सगळे हो म्हणेपर्यंत ठरत नाही, एकाचं जरी पटलं नाही तरी पुढं ढकलतात. जाणकार फक्त मालूम असलेलं सांगते, ठरवणारे ते.

तू काकाले काय इचारते ते पाह्य. "काका, पेरू का?" असं इचारलं तं काका हो नाही तं नाही म्हणन. "काका, तुमच्या वावरात ओल किती खोल गेली?" असं इचारलं तं काका आकडा सांगन, अन् तुले तुह्या वावरात जाऊन मोजा लागन. जमीन त्याची काळी भारी, तुही काय मालूम कशी हाय. एवढाच फरक, पण मले हे समजाले चाळीशी आली.

मोजपट्टी (१६ सप्टेंबर)

थोडक्यात लिहितो, ड्युटीवर आहे.

ते २१ दिवसांत सवय लागते वालं डोक्यातून काढा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या लोकांनी ९६ जणांवर पाहिलं होतं, सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसांचा अंदाज निघाला. आणि मधात एखादा दिवस चुकला तर फार काही बिघडलं नाही. तुम्ही पाचव्या दिवशी सोडलं ते चुकल्यामुळं नाही, चुकलं म्हणजे संपलं असं वाटल्यामुळं. नवीन काम जुन्या कामाला बांधा. मास्तरांची वही उशाशी नको, तिथं झोपच येणार, ती मोबाईल चार्जिंगला लावता तिथं ठेवा, रोज तिथं जाताच.

आणि पेरणीसाठी एक सरळ कडांचा डबा अंगणात, झाडा-छपरापासून लांब. तोंड आणि बूड सारखं रुंद पाहिजे, नाहीतर हिशोब चुकतो. सकाळी पट्टी घालून मोजायचं आणि लिहायचं. ७५ ते १०० मिलिमीटर होईपर्यंत बॅग फोडायची नाही, मग काकाच्या वावरात बाया असोत की बँड. सोयाबीनला दरवर्षी बॅग घ्यायचीही गरज नसते, सरळ वाणाचं घरचं बियाणं चालतं, पण मे महिन्यात १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून आठवड्यानं मोजा. ७० च्या वर उगवले तर बिनधास्त पेरा, कमी उगवले तर बियाणं वाढवा. बीटी पराटीला हे चालत नाही, ते संकरित आहे.

धुऱ्यावरचा (१९ ऑक्टोबर)

महिनाभर गायब होतो, सोंगणी चालू होती. सगळ्याईचे उपकार.

वही घेतली. ३४ दिवसातून २० दिवस लिहिलं, मोजपट्टी भाऊनं सांगतलं म्हणून चुकलं तरी सोडलं नाही. एका रात्री मागचं सगळं वाचलं तं १३ वेळा "काकाच्या सांगण्यावरून" अन् त्यातले पाच असे का काकाले मी इचारलंच नव्हतं, काका काय म्हणन हे मीच मनात धरलं अन् तसं केलं. हे पाहून मी बराच येळ तसाच बसून राह्यलो. काका बिचारा तिकडं झोपेल अन् इकडं माह्या डोक्शात हुकूम सोडून राह्यला.

बोंडं फोडली. पहिल्या सोमवारी एक, दुसऱ्या सोमवारी एक, तिसऱ्याले तीन. पहिल्या दोन वेळेले फवारलं नाही, अन् झोप नाही आली ते अगदी खरं हाय, पराटीवाल्या भाऊ. तिसऱ्या येळेले दुकानात जाऊन म्हटलं बोंडअळी हाय, २० मधी ३, त्याचंच एक द्या, मिसळायचं काही नको. त्यानं माह्याकडं पाह्यलं, काही बोलला नाही, दिलं. एक एकरातला काठ मात्र माह्या हिशोबात चुकला, धुऱ्याकडच्या ओळी मी पाह्यल्याच नव्हत्या, तिथं नुकसान जास्त हाय. वहीत लिहिलं.

फवारणीचे कपडे मी धुतो, वेगळी बादली केली, तिले लाल रंगानं फुली मारली. ताई, तुमचा चहा पोचवला, बायको म्हणे त्या बाईले एकदा घरी बोलवा. टीनच टाकणार हावो, पण चुलीवरचा भाग कवेलूच ठेवायचा कारण धूर निंघत नाही टिनातून, हे तिचं, अन् टिनाखाली तट्टा (बांबूची चटई) लावायचा उन्हाळ्यासाठी, हे माहं. जूनसाठी डबा आणला होता, बकरीनं पाडला, आता आंब्याच्या फांदीले तारेनं बांधला होता तं मोजपट्टी भाऊचं "झाडापासून लांब" आठवलं, पुन्हा सोडला.

आता घरात सोयाबीन पडून हाय, ओल अजून थोडी जास्त हाय. आता इकायची का दिवाळीनंतर, काका म्हणते आता, साळा म्हणते थांबा, ग्रुपवर रोज दोन तट पडतात. मी तिघाईले भाव अन् ओल तेवढी इचारली. काय करायचं ते काल राती वहीत लिहून ठेवलं, तारीखही घातली. इथं मात्र सांगत नाही, सांगतलं का तुमचे पन्नास मेसेज येतीन अन् मी मंग वाचत बसीन.

पराटी_अन्_पंचाईत (१९ ऑक्टोबर)

नको सांगू. पण दाणा दाताखाली धरून पाह्य, कटकन तुटला तं वाळला.

धुऱ्यावरचा (१९ ऑक्टोबर)

पाह्यला. दबते अजून. चार दिवस ऊन पाह्यजे.